रकाना अकरा

मोनाली वाघमोडे, वय बावीस.
सहावा महिना.
थोरली दीड वर्षाची, अजून अंगावर पिते.
रक्त सात पूर्णांक दोन.

पुढे रकाना अकरा : कारण.
रुंदी माझ्या करंगळीएवढी.

ती शेडावरून आली तेव्हा मी ओट्यावर बसलेले,
पाय धुवायच्या आधीच तिला गाठलं.
एका गालानं बोलत होती.
दाढ दुखत असेल म्हटलं.

सकाळी काय खाल्लंस?
च्या.
आणि?
च्याबरबर एक बटर.
आणि?
हसली. खालच्या ओठाला मिश्रीची काळी कड.
"मिश्री लावली की भूक मरती, ताई.
बारापतोर काय लागत न्हाई."

गोळ्या हळदीच्या डब्यात, तीसच्या तीस.
"मळमळतंय. आन् शेडात
संडासला एकदाच सोडत्यात."

सासू उंबऱ्यातून म्हणाली,
"लई खाल्लं की प्वार पोटात वाढतंय.
मग मिरजंला न्हेऊन फाडत्यात.
तेवढं पैसं आनायचं कुठनं?"
रागानं नाही म्हणाली.
सुनेच्या केसात अडकलेला बेदाण्याचा देठ
काढता काढता म्हणाली.
मी तिचीही पापणी खाली ओढून पाहिली.
आत चुन्याची भिंत.
तिच्या वयाला माझ्याकडे फॉर्म नाही.

दारात जर्सी बांधलेली.
सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला,
किती फॅट लागली ते चिठ्ठीवर छापून येतं,
पॉइंटसुद्धा चुकत नाही.
घरात उरतं चहा तांबूस होण्यापुरतं.
गाय व्यायली तेव्हा डॉक्टरनं कॅल्शियमची बाटली दिली होती,
ती मोनालीनंच पाजली,
मान वर धरून, रोज,
एक दिवस न चुकवता.

सावळज रस्त्याच्या त्या शेडात मी एकदा गेलेय.
गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरतात.
मांडी घालून बायकांची रांग,
हिरवा एकीकडे, पिवळा एकीकडे,
काळा पायाशी.
हिरव्याला भाव.
आठ तास बोटं चिकट,
इतकी झिजलेली
की रेशनच्या मशीनला अंगठा ओळखू येत नाही,
दोन महिने गहू तिथंच.
सुटताना दारात
प्रत्येकीनं पदर झाडून दाखवायचा.

आणि पोषण सप्ताहात मीच
चार्टवर काठी ठेवून वाचलं होतं यांच्यापुढे :
गूळ, शेंगदाणे, शेवग्याचा पाला, मनुका.
मनुका म्हटल्यावर
बायका एकमेकींकडे बघून हसल्या.
मला वाटलं, माझा उच्चार चुकला.

हे सगळं करंगळीएवढ्या जागेत
कसं बसवायचं?
'अशक्तपणा' लिहिलं तर बसतं.
पण ते कारण नव्हे,
ते तर तिला हाक मारायचं नाव झालंय.
लग्न सतराव्या वर्षी, हे लिहिता येत नाही,
तिच्या आधार कार्डावर एकोणीस आहे.
पुरुषांची पंगत आधी, मग पोरं,
मग पातेल्याला चिकटलेलं,
यासाठी तर शब्दच नाही,
याला घर म्हणतात.

अंधारून आलं. बॅटरी लावली.
जीभ दाखव, म्हटलं.
ती थबकली.
सासूकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.
मग तोंड उघडलं.

पांढुरक्या जिभेवर
एक हिरवा बेदाणा.
अख्खा. दात न लागलेला.
शेडापासून इथवर दीड किलोमीटर
गालात धरून आणलेला.

थोरली तिच्या गुडघ्याला धरून उभी होती,
आ करून,
रोजच्यासारखी.

मी बॅटरी विझवली.
सासू उगाच गाईकडे बघत राहिली.
हळूच म्हणाले,
उद्या दोन आण.
एक तिला दे. एक चाव.

मग पेनाचं टोपण काढलं
आणि रकाना अकरात लिहिलं :
समुपदेशन केले.